सोनपाखराचा हिरवा आणि कुलथ्यांचं दाभण

सूर्यभान गुंजाळच्या रागावर संगमनेरातल्या आमच्या गल्लीने घड्याळं लावावीत, असा त्याचा नेम होता. सकाळी सातला दूधवाल्यावर, साडेसातला बंबाच्या धुरावर आणि आठला वर्तमानपत्रातल्या विज्ञानाच्या सदरावर. तो कॉलेजात फिजिक्सचा डेमॉन्स्ट्रेटर. म्हणजे प्राध्यापकांनी फळ्यावर सांगायचं आणि ह्याने लोलक टांगायचे. मूळचा खर्ड्याचा. एरवी बोलणं शुद्ध, पण डोकं फिरलं की जिभेवर थेट जामखेड तालुका उतरायचा. त्याची बायको मनकर्णा नळावर सांगायची, “ह्यांच्या रागावर तवा ठेवता आला असता, तर माझी रॉकेलची रांग वाचली असती.”

पण त्र्याहत्तर सालच्या त्या हिवाळ्यातला राग असा किरकोळ नव्हता. त्याला कारण होतं. कारण म्हणजे एक किडा.

खर्ड्याच्या किल्ल्यामागे बाभळींवर सोनपाखरं बसतात. पाठ अशी हिरवीगार, झळझळीत, की बघणाऱ्याने खिशातली काडेपेटी रिकामी करून तीत एखादं ठेवावं. लहानपणी त्यांना दोरा बांधून सगळ्यांनीच उडवलं. सूर्यभानने मोठेपणी एक मेलेलं सोनपाखरू घेतलं आणि त्याची पाठ प्रयोगशाळेतल्या खलात घालून कुटली. भुकटी निघाली तपकिरी. हळद कितीही कुटा, पिवळीच राहते. मग हा हिरवा गेला कुठे?

सूर्यभानचं म्हणणं असं, की हिरवा रंग तिथे नव्हताच. किड्याच्या पाठीत वीस-बावीस पातळ थर असतात, इतके पातळ की तसे सातशे-आठशे रचावेत तेव्हा एक केस व्हावा. उजेड आत शिरतो आणि प्रत्येक थरावरून थोडाथोडा परत फिरतो. लेझमीच्या पथकात पावलं जुळली की आवाज घुमतो. तशी परत फिरणाऱ्या हिरव्या उजेडाची पावलं जुळतात, बाकीच्यांची एकमेकांच्या पायात येतात. कुटलं की थर मोडले, पथक फुटलं, हिरवा संपला.

हे त्याने पुण्याच्या एका परिषदेत उभं राहून सांगितलं. तिथले मोठे प्रोफेसर चष्मा पुसत म्हणाले, “रंगद्रव्यच आहे ते. कुटताना नासलं असेल. संगमनेरला हल्ली किडे कुटतात वाटतं?” सभागृह खो खो हसलं. सूर्यभान खाली बसला तो दोन वर्षं मनातून उठलाच नाही.

हिशेबाने सिद्ध करायचं, तर एका छटेच्या उजेडाला तीन संध्याकाळी आणि लॉग टेबलची झिजलेली पानं लागत. अशा साठ छटा. मग किडा तिरपा धरला तर काय, हा हिशेब पहिल्यापासून. कारण तिरपा धरला की सोनपाखरू निळसर दिसतं, आणि तेवढं सिद्ध झालं की रंगद्रव्यवाल्यांची तोंडं बंद. हे काम माणसाचं नव्हे, कॉम्प्युटरचं. थर आकड्यांचे, उजेडही आकड्यांचा, पण उत्तर खऱ्या किड्याशी ताडून बघावं असं. आठ महिने पत्रं लिहून पुण्याच्या एका संस्थेच्या कॉम्प्युटरवर त्याला अर्धा तास मिळाला. गुरुवार, दुपारी चार ते साडेचार. पुन्हा कधी, ह्याला उत्तर नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत तिथे जाऊन त्याने सगळा हिशेब कार्डांवर भोकं पाडून घेतला होता. दोनशे शहाऐंशी कार्डं. यंत्राला शाई कळत नाही, भोक कळतं. कुठल्या घरात भोक आहे, ती त्याची अक्षरं.

आता ह्या कथेत राधाकृष्ण कुलथे येतात. कॉलेजचे हेडक्लार्क. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणत. तीस वर्षं नोकरी, आणि त्या तीस वर्षांत ऑफिसातला एक कागद सुटा राहिला नव्हता. कोरी कार्डं कॉलेजच्या खरेदीतली, म्हणून गावाबाहेर न्यायची तर प्राचार्यांची सही हवी. सूर्यभानने सोमवारी अर्जासोबत गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवला. बुधवारी दुपारी घ्यायला गेला.

“या सर,” भाऊसाहेब म्हणाले, “तुमचं काम एकदम पक्कं केलंय. एक पान इकडचं तिकडं व्हायचं नाही.”

आणि त्यांनी पुठ्ठ्याची फाईल पुढे केली. वर सुवाच्य अक्षरात ‘किडा प्रकरण’. आत दोनशे शहाऐंशी कार्डं, प्रत्येकावर जावक क्रमांकाचा शिक्का. आणि डाव्या कोपऱ्यात दाभणाने आरपार भोक पाडून त्यातून लाल नाडी ओवलेली.

सूर्यभानने एक कार्ड उजेडाकडे धरलं. मग दुसरं. मग खुर्ची मागे पडली.

“भाऊसाहेब! ह्यो काय उद्योग करून ठिवलाय?”

“का? तुमच्या कार्डांना मुळात शेकड्यांनी भोकं. त्यात माझं एक. बोचलं का काही?”

“त्या एका भोकानं समदा हिशोब मेला! यंत्र वाचताना तुमचं दाभण बी वाचनार!”

“मग वाचू द्या की. त्यात वाईट काय लिहिलंय?”

शिपाई दारात हसला, तसा सूर्यभान आणखी भडकला. त्याला ती अख्खी इमारत पेटवून द्यावीशी वाटली. माणसं अडवत नाहीत, मोडत नाहीत. मोठ्या मायेने, लाल नाडीने, दोन वर्षांचा गळा आवळतात. आणि वर विचारतात, बोचलं का? भाऊसाहेबांना तोडून बोलावं तर ते खरंच निरागस होते, आणि हेच त्याला सहन होईना.

“उद्या पहाटे पाचच्या गाडीला स्टँडवर या,” तो म्हणाला. “तुमी पाडलीत, तुमीच सांगा त्या यंत्राला.”

“मी? माझी रजा...”

“रजेच्या अर्जाला बी भोक पाडा आन् लावा!”

गल्लीला वाटलं, भाऊसाहेब काही येत नाहीत. पण ते आले. कोट घालून, डबा घेऊन. तीस वर्षांत त्यांच्या कामाला चूक म्हणणारा हा पहिलाच माणूस. त्यांचाही अपमान झालेला होता. नारायणगावपर्यंत दोघे एका बाकावर दोन दिशांना तोंडं करून बसले.

संस्थेतल्या ऑपरेटरने फाईल बघितली आणि हसू दाबलं. “हे चालणार नाही, साहेब. कार्डं नव्याने पाडायला लागतील. मशीन रिकामं आहे, पण पाडणारी बाई आज नाही.”

दहा वाजले होते. सूर्यभान दोन बोटांनी टाइप करणारा. त्याने पहिलं कार्ड पाडलं ते चुकलं, दुसरं चुकलं. तिसऱ्याला त्याने मशीनवर मूठ आपटली. भाऊसाहेब कोट काढून जवळ आले. मशीनच्या कळांकडे बघत म्हणाले, “हा तर टाइपरायटरच की हो. उठा.”

आणि बसले. बोटं अशी चालली, की शेजारच्या खोलीतली माणसं दारात आली. सूर्यभान एकेक कार्ड तपासत होता आणि चूक सापडत नव्हती म्हणून धुसफुसत होता. ज्या हातांनी वाटोळं केलं, तेच हात निस्तरत होते; आता रागवायचं तरी कुणावर? साठाव्या कार्डाला भाऊसाहेब थांबले.

“सर, हे चूक आहे. एन बरोबर एन अधिक एक? असं कसं होईल? पाचवीतलं पोरगं हसेल.”

“ते बरोबर आहे. एनमध्ये एक मिळव, असा यंत्राला हुकूम आहे तो.”

“मी आपलं सांगितलं. सहीला वर गेलं तर परत येईल.”

“तुम्ही फक्त पाडा, भाऊसाहेब! दया करा!”

पावणेचारला शेवटचं कार्ड निघालं. दोघांनीही डबा उघडला नव्हता. चारला गठ्ठा यंत्रात गेला, दाणदाण आवाज झाला आणि लांबलचक कागद बाहेर यायला लागला. आकडे, आकडे, आणि कडेला फुल्यांची रांग; जितका उजेड परत फिरला, तितकी फुली उजवीकडे. निळ्यापाशी फुल्या डावीकडे चिकटलेल्या. हिरव्यापाशी त्या सरकत सरकत थेट उजव्या टोकाला गेल्या. तांबड्यापाशी पुन्हा मागे.

एक थेंब रंग न घालता हिरवा आला होता.

“आता तिरपा,” तो ऑपरेटरला म्हणाला. “दुसरा भाग घ्या.”

“साडेचार झाले. वेळ संपली.”

सूर्यभानच्या कपाळाची शीर उडाली. तो तोंड उघडणार, तेवढ्यात भाऊसाहेबांनी कोटाची बटणं लावली.

“तुमच्या घड्याळात चार सत्तावीस,” ते शांतपणे म्हणाले. “वेळ असताना काम नाकारलंत, एवढं लेखी द्या. तारीख, हुद्दा, सही. मी खाली थांबतो.”

ऑपरेटरने त्यांच्याकडे बघितलं. असा माणूस तीन वर्षं पत्रव्यवहार करू शकतो, हे त्याला चेहऱ्यावरून कळलं असावं. त्याने गठ्ठ्याचा दुसरा भाग यंत्रात ढकलला. फुल्यांचं टोक हिरव्यावरून हललं आणि निळ्याकडे सरकलं. खर्ड्याच्या बाभळीवर सोनपाखरू तिरपं झालं की होतं तसंच.

कागद गुंडाळत असताना ते मोठे प्रोफेसर आत आले. कुणीतरी त्यांना सांगितलं असावं. त्यांनी चष्मा लावला, कागदावरून बोट फिरवलं आणि मान डोलावली.

“हं. अपेक्षितच आहे. थरच असणार, मी तेव्हाच म्हटलं होतं.”

सूर्यभानला आयुष्यात पहिल्यांदा राग आला आणि शब्द सापडला नाही. शुद्धही नाही आणि खर्ड्याचाही नाही. त्याने प्रोफेसरांच्या बोटाखालून कागद ओढून घेतला, नमस्कार न करता जिना उतरला आणि शिवाजीनगर स्टँडपर्यंत असा चालला, की भाऊसाहेबांना मागून आपला कोट सावरत पळावं लागलं.

गाडीत त्याने गुडघ्यावर फाईल ठेवली आणि लिहायला सुरुवात केली. पेन्सिल कागदात रुतत होती. राजगुरुनगर आलं तोवर एक पान, मंचर आलं तोवर तीन. भाऊसाहेब भाकरी मोडत वाचत होते.

“टाइप मी करून देईन,” ते म्हणाले. “तीन प्रती. नावं कुणाची घालायची?”

“माझं. एकट्याचं.”

“आणि खाली त्या प्रोफेसरांचे आभार? मार्गदर्शनाबद्दल? तशी रीत असते म्हणून विचारतो.”

“भाऊसाहेब,” सूर्यभान इतक्या जोरात खेकसला की कंडक्टरने वळून बघितलं, “आभाराला जागा असंल, तर तुमचं नाव घाला. त्या मानसाचं न्हाई म्हंजे न्हाई!”

भाऊसाहेबांनी अर्धी भाकरी त्याच्या पुढ्यात ठेवली. त्याने ती रागारागाने खाल्ली आणि चौथं पान घेतलं.