आधी रक्त, मग औषध

आमचे साहेब मोजमापाचे मोठे भक्त. अ जीवनसत्त्व पोरांच्या रक्तात किती आहे ते बघायला आम्ही आंबेगावच्या पश्चिमेकडच्या वाड्यांवर जायचो. मी राजुरीचा, प्रयोगशाळेतला टेक्निशियन. रक्त मी काढायचो, फोटो साहेबांचे निघायचे.

एका वाडीत एक बाई पाच वर्षांच्या पोरीला घेऊन आली. "भाऊ, दिवस मावळला की हिला कायच दिसत न्हाई. परवा चुलीतच पाय घालत व्हती, मी धरली म्हणून." रातांधळेपणा तो, कुणीही ओळखला असता. औषधाच्या बाटल्या आमच्याच गाडीत होत्या. तिथल्या तिथं पाजता आलं असतं. पण साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले, "आधी रक्त. अहवाल आल्याशिवाय डोस नाही, अभ्यास बिघडतो."

अहो, पोरीचे डोळे बिघडतायत त्याचं काय? असं मी मनात म्हणालो. मनातल्या मनात मी लई शूर.

रक्त घेतलं. हे जीवनसत्त्व उजेडात टिकत नाही, म्हणून नळ्या चंदेरी कागदात गुंडाळून बर्फाच्या पेटीत ठेवतात. साहेबांना मात्र फोटोत लाल नळ्या दिसायला हव्या होत्या. कागद सोडवून त्या भर उन्हात बॉनेटवर मांडल्या. एक फोटो डावीकडून, एक उजवीकडून, एक हसून. मग कोंबडीचं जेवण तयार झालं आणि साहेब हात धुवायला पळाले. नळ्या तिथंच. एवढी पुस्तकं वाचून माणूस इतका येडा कसा राहतो, देव जाणे!

नमुने वाया गेले. साहेबांनी लिहिलं, वाहतुकीत दोष. वाहतूक म्हणजे मी.

तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त घ्यायला गेलो. बाईनं पोरीला पुढं केलंच नाही. म्हणाली, "तुमची लई वाट बघितली. शेवटी उपकेंद्रात नेली. तिथल्या ताईनं बघताक्षणी औषध पाजलं. आता दिवेलागणीला शेरडं घरी आणती."

"म्हणजे नमुना बाद!" साहेब तडकले आणि गाडीत जाऊन बसले. पोरीकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

बाईनं मला चहा दिला. "आजून उशीर झाला असता तर डोळं कायमचं गेलं असतं, ताई म्हणली. तुमच्याकडं त्या दिवशी औषध नसंल, भाऊ. नायतर तुमी दिलंच असतं."

"नव्हतं," मी म्हणालो, आणि चहा प्यायलो.