घाटरस्त्याची पाटी

आमच्या सारीबेलमध्ये बघण्यासारख्या तीनच गोष्टी: गरम पाण्याचे झरे, अक्रोडाचं रान आणि कडा फोडून काढलेला घाटरस्ता. राजधानी बिश्केकहून पर्यटक यायला लागले, तेव्हा घाटाच्या तोंडाशी इतिहासाची पाटी लावायचं ठरलं. मजकुराचं काम सायरागुलबाईंकडे आलं. चाळीस वर्षं त्या इथल्या शाळेत इतिहास शिकवत होत्या. मीही त्यांच्याच हाताखाली शिकलो.

बाईंनी लिहिलेलं पालिकेतल्या साहेबांनी वाचलं. "एजे," ताईला म्हणतात तसं ते म्हणाले, "लोक इथं मजा करायला येतात. हद्दपार केलेली माणसं, सुरुंगात मेलेली... कशाला हे? 'उत्साही तरुणांनी बांधला' म्हणा की!"

बाईंनी पेन काढलं आणि ती ओळ तिथल्या तिथे बदलली.

पाटी उघडली त्या दिवशी फातिमात आली होती. बाईंची लहानपणची मैत्रीण, शाळेत एकाच बाकावर बसायच्या. तिचे लोक बलकार. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारनं त्यांना कॉकेशसमधून मालगाडीत कोंबून इकडे आणलं होतं. हा रस्ता फोडायला जुंपलेले तिचे वडील याच कड्यात सुरुंगाखाली गेले.

फातिमातनं चष्मा लावला आणि सावकाश वाचलं.

"माझे वडील उत्साही होते होय! बरं झालं, आज कळलं."

मग ती बाईंकडे वळली.

"सायरा, तुला खांद्यावर बसवून ओढा पार करायचे गं ते."

"साहेब म्हणाले..." एवढं बोलून बाई थांबल्या. साहेबांनी काही हात धरून लिहवून घेतलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाई तळलेले पिठाचे बोरसोक घेऊन तिच्याकडे गेल्या. फातिमातनं चहा केला, गाईबद्दल बोलली, बटाट्यांबद्दल बोलली. पाटीचं नाव काढलं नाही. "तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं रे," बाई मला म्हणाल्या.

बाईंनी पाटी बदलून मागितली, पण पालिकेनं नकार दिला. तेव्हापासून पर्यटकांची गाडी आली की बाई पाटीपाशी उभ्या राहतात. "ही ओळ मी लिहिली. ती खोटी आहे," असं म्हणून खरं काय ते सांगतात. सांगताना मान खालीच असते. काहीजण ऐकतात, काहीजण फोटो काढून निघून जातात.

अशीच एक गाडी मी चालवतो. परवा फातिमात बाजाराला निघाली होती, माझ्या शेजारीच बसलेली. पाटीपाशी बाई दुसऱ्या गाडीतल्या पर्यटकांना सांगत होत्या. मी विचारलं, "थांबवू का, आजी?"

"नको," ती म्हणाली. मग काच खाली करून, वळण येईपर्यंत ऐकत राहिली.

पाटी उघडली तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.