तीनतालाची भाकरी

शेजारच्या घरातनं भाकरी भाजल्याचा वास आला, आणि बायकोची गाण्याची पहिली परीक्षा आठवली. पोरींची लग्नं उरकल्यावर ती सांगलीला, विश्रामबागेतल्या गाण्याच्या शाळेत जायला लागली. घरी रियाजाला सवड न्हाई, म्हणून भाकरी थापतानाच तीनताल म्हणायची. टाळी नसलेल्या जागी पिठाला हात. नापास झाले तर शाळा बंद, असं तिनंच ठरवलेलं. परीक्षेला मी दाराशी बसलो. राग बरा गायली, पण परीक्षक म्हणाले, "आता तीनताल हातावर दाखवा," तशी तिचे हात आखडले. बारक्या पोरी हसायला लागल्या. मला राहवलं न्हाई. ओरडलो, "आगं, भाकरी थाप की!" तिनं डोळे मिटले, हवेतच भाकरी थापत "धा धिं धिं धा" म्हणत गेली आणि बिनचूक समेवर आली. परीक्षक हसून म्हणाले, "ताई, पास! भाजायची तेवढी राहिली." एसटीत मात्र ती माझ्यावर लय उखडली. "आवं, चारचौघांत अब्रू घालवली माझी. फुडल्या परीक्षेला घरीच बसायचं, कळलं?" मी कुठला ऐकतोय! एकूण एक परीक्षेला गेलो. गेल्या साली ती गेली, तवापासनं घरीच बसलोय.