सुकटीच्या डब्यातली कॉफी

सासूबाईंनी माझी कॉफी सुकटीच्या डब्यात ठेवून दिली होती. हे मला कळलं तेव्हा हॉटेलवाल्यांना चव दाखवायला दोनच दिवस उरले होते.

तसा त्यांचा दोष नव्हता. पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमची वाडी. पावसाळ्यात इथे मिठाला पाणी सुटतं, पापड मऊ पडतात. घरात झाकण घट्ट बसणारा डबा एकच, आणि त्यात वर्षाची सुकट. मी महाडला गेले होते, तेवढ्यात त्यांनी बरणीतल्या भाजलेल्या बिया पिशवीत भरून त्या डब्यात सरकवल्या.

"दमट व्हईल म्हनून ठेवली गो. त्या डब्यात मुंगीबी शिरत नाय."

मी पिशवी त्यांच्या नाकाशी धरली. त्यांनी वास घेतला आणि शांतपणे विचारलं, "भात वाढू का याच्यावर?"

एरवी मी हसले असते. त्या दिवशी परसात जाऊन रडले.

मी आणि नवरा दहा वर्षं मुंबईत होतो. मी एका कॉफीच्या दुकानात, तो एका गोदामात. सासरे गेले, सासूबाई एकट्या पडल्या, म्हणून मी गावी आले. तो तिथेच राहिला, महिन्यातून एकदा येणारा. कशेडी घाटाच्या अलीकडे गाड्या थांबतात त्या हॉटेलने माझी कॉफी घेतली, तर तो नोकरी सोडून येणार होता. नाही घेतली, तर आणखी किती वर्षं असंच राहायचं कोण जाणे.

कर्नाटकातल्या व्यापाऱ्याने कच्च्या बियांच्या पोत्यावर लिहूनच पाठवलं होतं, चव चॉकलेटची. त्यात चॉकलेट घालायचं नसतं. बी नीट भाजली की कडवटपणाच्या मागून ती चव आपोआप येते. माझ्या भाजणीत ती कधीच धड उतरली नव्हती. दुकानात कॉफी भाजूनच यायची, मी फक्त कप भरायचे. इथे फोनवर मिनिटं लावून मशीनमध्ये भाजायचे, तरी जिभेवर राखच राहायची. हे मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं.

कच्च्या बिया शिल्लक होत्या, पण तारांवर झाड पडून वीज गेलेली आणि मशीन बंद. सासूबाईंनी काही न विचारता चूल पेटवली आणि कुळीथ भाजायची कढई चढवली. मी शेजारी फोन घेऊन उभी राहिले. बिया तडतडल्या, मग तो आवाज विरळ झाला आणि त्यांनी कढई खाली घेतली.

"अजून एक मिनिट आहे," मी ओरडले.

"उतरवला तरी दाना भाजतच असतो. कुळीथ तुझ्यासारखा भाजला तर पिठी कडू व्हईल."

त्यांनी बिया सुपात ओतल्या आणि दारात वाऱ्याला उभ्या राहून पाखडायला लागल्या. टरफलं उडाली, बिया बघता बघता गार झाल्या. मी मात्र इतके महिने गरम बिया पातेल्यात ओतून वर झाकण ठेवत होते. मला राग आला, स्वतःचाच.

दोन दिवस बिया मुरल्या. हॉटेलात मालकांनी पहिला घोट घेतला आणि बाहेर बस आली म्हणून उठून गेले. ते परतले तोवर कप कोमट झाला होता. कॉफीची खरी चव कोमट झाल्यावरच कळते, एवढं मला ठाऊक होतं, म्हणून दुसरा कप करायच्या फंदात मी पडले नाही. ते सावकाश प्यायला लागले आणि कप संपवूनच त्यांनी खाली ठेवला.

"यात चॉकलेट घातलंत का हो?"

"नाही."

"मग गणपतीपासून सुरू करा. पण चव हीच हवी."

घरी येऊन नवऱ्याला फोन लावला. कुठून सुरुवात करावी ते मला सुचेना, तेव्हा सासूबाईंनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"कापी मी भाजली," त्या त्याला म्हणाल्या. "हॉटेलवाल्याला पसंत पडली. हिला एकटीला झेपनार नाय, तवा तू ये." मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली. "आनि ते कापीचं राहू दे. मला तू घरात पायजेस रे. दहा वर्सं बोलले नाय, आज बोलते."