एकवीस दिवसांची कावीळ

खोटं बोलायचंच असेल तर माणसानं कोल्हापूर जिल्ह्याबाहेरच्या लोकांशी बोलावं. हे शहाणपण मला आलं ते एका रविवारी, गॅसवर मटण शिजत असताना.

शाहूपुरीत पिठाच्या गिरणीच्या वर आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत लग्नपत्रिका टाइप करून द्यायचं काम चालायचं. गिऱ्हाईक आणि छापखाना नवरा बघायचा, टायपिंग माझ्याकडं. दोन हजार सात-आठच्या सुमारास ब्रॉडबँड घेतलं आणि पत्रिकेची वाट बघत बसलेल्या एका गिऱ्हाइकानंच मला तो खेळ दाखवला. तुमचं एक गाव असतं. लाकूड तोडायचं, गहू पिकवायचा, कोठार बांधायचं, सैन्य ठेवायचं. आणि कुठल्या कुठल्या गावची खरी माणसं आपापल्या कॉम्प्युटरवरून तुमचं कोठार लुटायला येतात.

ह्या खेळाची खोड अशी, की तो थांबतच नाही. तुम्ही कॉम्प्युटर बंद करून भाजी निवडायला बसलात तरी तिकडं गहू पिकतोय आणि चोर निघालेत. हल्ला पोचायला तीन तास लागणार की अकरा, ते सेकंदासकट दिसतं. त्या सेकंदाला तुम्ही हजर नसलात तर कोठार धुऊन नेलं म्हणून समजा. माझ्या सासूबाईंनीसुद्धा माझ्या वेळेवर एवढा हक्क कधी सांगितला नव्हता.

एकट्यानं हे झेपत नाही, म्हणून खेळाडू टोळ्या करतात. आमच्या टोळीत बरेचसे कोल्हापूर जिल्ह्यातलेच होते. म्होरक्या कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत सुपरवायझर होता. त्याला आम्ही सुभेदार म्हणायचो आणि तो खरोखरच तसा वागायचा. त्यानं सगळ्यांचे पत्ते आणि फोन लिहून घेतले, कुणाकडं कधी लोडशेडिंग असतं ते विचारलं आणि पहाऱ्याच्या पाळ्या लावून दिल्या. शाहूपुरीत वीज गेली की कबनूरच्या यंत्रमागवाल्यानं माझ्या गावावर लक्ष ठेवायचं, त्याचा कॅफे अंधारात गेला की मी त्याच्या. महावितरणनं जिल्ह्याचं एवढं बारीक नियोजन केलं असेल असं मला वाटत नाही.

हा कबनूरचा माणूस माझा जोडीदार. चार माग होते त्याचे. कॉम्प्युटर नव्हता, तो सायकल मारत इचलकरंजीच्या नेट कॅफेत जायचा. चॅटवर मोजकं लिहायचा. ‘आलो. बघितलं. सगळं ठीक.’ झालं.

आणि ह्या सगळ्यांच्या लेखी मी पुरुष होते. मुद्दाम नव्हे. खातं नवऱ्याच्या ईमेलवर उघडलेलं, पहिल्याच दिवशी कुणीतरी ‘काय भावा’ म्हणालं, आणि मी दुरुस्त केलं नाही. मग मीही ‘आलो, गेलो’ लिहायला लागले. खरं सांगते, मला ते आवडायचं. घरी माझा शब्द कुणी ऐकत नव्हतं असं नाही, पण इथं मी ‘आज रात्री कुणी बाहेर पडू नका’ म्हटलं की वीस बापये घरात बसायचे. हे सुख ज्यानं भोगलंय त्यालाच कळेल.

पुढं लग्नसराई आली आणि माझी दोन्ही गावं एकमेकांत मिसळायला लागली. एका सकाळी नवरा प्रूफ हातात घेऊन आला आणि म्हणाला, “हा मुहूर्त कुठल्या गुरुजींनी काढला?” बघते तर पत्रिकेवर छापलेलं, सकाळी अकरा वाजून सत्तेचाळीस मिनिटं बावीस सेकंद. ती माझ्या कोठारावरच्या हल्ल्याची वेळ होती. तो हसला, मी नाही हसले. छापून गेलं असतं तर वऱ्हाडानं आमच्या दारात येऊन आरती केली असती.

सुट्टी घ्यायची ठरवलं. पण सुभेदार सुट्टी देईल तर ना! कामं सगळ्यांनाच होती. त्याच्याकडं सुट्टीला कारणं तीनच: घरचं लग्न, मयत, नाहीतर आजारपण. मी कावीळ निवडली. ताप चार दिवसांत उतरतो, कावीळ कशी ऐसपैस. ‘डॉक्टरांनी एकवीस दिवस उठायचं नाही सांगितलंय,’ असं लिहिलं, गावाच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड, जोडीदाराकडं दिल्या आणि निवांत पत्रिकांना लागले.

नवव्या दिवशी रविवार होता. स्वयंपाकघरात मी मटणाला फोडणी दिली होती, बाहेर नवरा शाल पांघरून कॉटवर लोळत होता. एवढ्यात खालून गिरणीवाल्या मावशींचा आवाज आला, “अगं, वर कावीळ कुणाला झालीया? बोलली न्हाईस ती! हे पावणं बघायला आल्यात!”

माझ्या हातातला डाव तसाच राहिला. आजारी माणसाला बघायला जायचं असतं, हे मी जन्मापासून बघत आलेली बाई. आणि कावीळ सांगताना नेमकं तेवढंच विसरले.

दोघं वर आले. एक उंच, इस्त्रीचा शर्ट. दुसरा पंचेचाळिशीचा, खांद्यावर कापसाचा एखाददुसरा धागा. त्यांच्याकडं सफरचंदं, फुटाण्याची पुडी, उसाच्या रसाचा कॅन आणि फडक्यात गुंडाळलेला कसला तरी पाला होता. नवरा उठायला लागला तसा उंच माणूस ओरडला, “उठू नगंस भावा, पड की!” ‘भावा’ ऐकलं आणि मी ओळखलं, हा सुभेदार, आणि तो धाग्यावाला माझा कबनूरचा जोडीदार.

नवऱ्यानं त्यांना आयुष्यात पाहिलेलं नव्हतं. पण घरी आलेल्या माणसाला ‘तुम्ही कोण’ विचारायचं त्याला जमत नाही. तो परत आडवा झाला. धाग्यावाल्यानं वाकून त्याचे डोळे बघितले.

“पिवळसर हायती जरा,” तो म्हणाला.

“आता बरं आहे तसं,” नवरा म्हणाला. लग्न होऊन सहा वर्षं झाली तरी हा माणूस इतका सराईत आहे हे मला माहीत नव्हतं.

सुभेदार नाकानं वास घेत म्हणाला, “कावीळ झालीया आणि मटण?”

“ते हिच्यासाठी,” नवरा म्हणाला.

तिथंच प्रकरण मिटलं असतं. फुटाणे ठेवून, चहा घेऊन ते गेले असते आणि मी आणखी बारा दिवस सुखानं आजारी राहिले असते. पण सुभेदार कॉटवर बसला आणि नवऱ्याचा हात हातात घेऊन कौतुक करायला लागला. “भावा, त्या दिवशी चौघं मिळून चालून आले, आणि तू सगळं सैन्य गावाबाहेर फिरायला पाठवलंस. ते मोकळ्या कोठारावर आपटले आणि दुसऱ्या सेकंदाला तुझं सैन्य परत! असला डोकेबाज माणूस मी बघितला न्हाय.”

नवऱ्यानं नम्रपणे मान हलवली. “जमलं तसं केलं.”

जमलं तसं केलं! त्या एका सेकंदासाठी मी दोन दिवस वहीत आकडेमोड केली होती, पोळ्या करपवल्या होत्या. कावीळ, लाज, सगळं मी विसरले. डाव घेऊनच बाहेर आले आणि म्हणाले, “ते मी केलं. ह्यांना गहू आणि कोठार कशाशी खातात ते ठाऊक नाही. खेळते मी. आणि कावीळ कुणालाच झालेली नाही.”

सुभेदार हळूच कॉटवरून उठला, नवऱ्याचा हात त्यानं जागच्या जागी ठेवून दिला. “म्हंजे, वहिनी, ती तुमी?”

मी बाई आहे हे त्यानं दोन मिनिटांत पचवलं. वहिनी म्हणाला ते मात्र मला लागलं, कालपर्यंत मी भावा होते. पण खोटं बोललेलं त्याला पचेना. आवाज चढला. “आजारी हाय म्हणून ह्यो माणूस नऊ दिवस तुमचं गाव राखतोय! दिवसात पाच-पाच खेपा कॅफेत. माग बंद ठेवून जातोय. आणि तुमी हितं फोडण्या देतायसा!”

हे मला ठाऊक नव्हतं. चाव्या दिल्यावर तो दोन वेळा बघेल, एखादा हल्ला सुटेल, असंच मी धरलं होतं. माझा वेळ वाचवायला मी खोटं बोलले, आणि तो वेळ ह्या माणसाच्या पायांतून, सायकलच्या पायडलवर गेला होता. तिथल्या तिथं जमिनीत गडप व्हावं असं वाटलं. मी त्याच्याकडं बघू शकत नव्हते.

तोच बोलला. “गावाचं काय काळजीचं न्हाय. एक दाणा गेल्याला न्हाय.” मग जरा थांबून म्हणाला, “कुणीच आजारी न्हाय न्हवं घरात?”

“नाही,” मी म्हणाले.

“मग झालं की. बरंच झालं.” फडक्यातला पाला त्यानं परत नीट गुंडाळला. “माझ्या थोरल्या भावाला झालती. आमी म्हटलं उतरंल, उतरंल. बघायला गेलो तवा उशीर झालता. म्हणून म्हटलं, ह्या खेपंला आधी जाऊन यावं.”

नवरा उठून बसला, शाल बाजूला केली आणि कुणी न सांगता चहा ठेवायला आत गेला. मी तशीच उभी, हातात डाव, रस्सा फरशीवर ठिबकतोय. तोंडातून एवढंच निघालं, “उद्यापासून तुमचं गाव माझ्याकडं. एकवीस दिवस. तुम्ही कॅफेत पाऊल टाकायचं नाही.”

तो पहिल्यांदा हसला. “खरंच? मग मागावरचं राहिलेलं कापड उतरवून घेतो आधी.”

चहा घेऊन ते गेले. सफरचंदं, फुटाणे, रस सगळं ठेवून गेले. आजाऱ्यासाठी आणलेलं परत न्यायचं नसतं, म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाऱ्याला बसले. पत्रिका पहाटे उठून उरकल्या, एक पाळी चुकवली नाही. रोज त्याच्या नावानं निरोप लिहून ठेवत होते, कोण आलं, काय वाचलं. एकवीस दिवसांनी तो कॅफेत गेला, तेव्हा सगळे निरोप न उघडलेले होते. मी विचारलं, इतके दिवस एकदाही बघावंसं वाटलं नाही? त्यानं लिहिलं, ‘तुम्ही होता की.’