खिळ्यावरची कात्री

आमच्या अपघात विभागाच्या भिंतीवर, खिळ्याला बांधलेल्या बँडेजच्या पट्टीला एक कात्री लोंबकळत असते. जखमी माणसाचे कपडे कापायची. बांधून ठेवली नाही, तर कुणीतरी नेतं आणि परत आणत नाही.

रुग्णालयाच्या दर्जाचं मानांकन मिळवायच्या तपासणीसाठी आम्ही महिनाभर फाइली लावल्या, भिंती रंगवल्या. नव्या रंगावर ती मळकी पट्टी बरी दिसेना, म्हणून विभागाची सिस्टर या नात्यानं मीच कात्री सोडवून ड्रॉवरमध्ये ठेवली.

परीक्षक डॉक्टरांनी नेमकं विचारलं, "आत्ता पेशंट आला तर कपडे कशानं कापाल?" मी ड्रॉवर उघडला. कात्री नव्हती. तयार दिसायच्या नादात मी तयारीच उचलून ठेवली होती.

तेवढ्यात विभागातल्या शांतामावशींनी कमरेला बांधलेली तीच कात्री पुढे केली, पट्टीसकट. "ड्रॉवरमधून कालच दोनदा गेली, सिस्टर. म्हणून शोधून आणून कमरेलाच बांधून घेतली."

परीक्षक हसले आणि बराच वेळ लिहीत राहिले.

मानांकन मिळालं. प्रमाणपत्र टांगायला मी त्याच खिळ्याकडे गेले, तर मावशी म्हणाल्या, "तो कात्रीचा आहे. याला दुसरा ठोका."

इतक्या आनंदानं मी कधीच हातोडी आणायला गेले नव्हते.