परवान्याचं लांबलचक पान

दुकानदारानं माझा जुना कॉम्प्युटर भंगारात काढायला सांगितला होता. मी मात्र त्यावर विंडोजऐवजी फुकट मिळणारं लिनक्स स्वतः चढवायला बसले. मध्येच परवान्याचं लांबलचक इंग्रजी पान आलं.

सून म्हणाली, "आई, ते कुणी वाचत नाही. 'मान्य' दाबा."

अहो, न वाचता मी रेशनच्या दुकानातसुद्धा सही केलेली नाही! डिक्शनरी घेऊन सगळं वाचलं. वापरा, बदला, दुसऱ्यालाही द्या, असं लिहिलं होतं. आपण शेजारणीला विरजण देतो, तेव्हा 'पुढे कुणाला देऊ नका' असं कधी बजावतो का? तसंच हे. कुठल्या कोण माणसांनी एवढी मेहनत केली आणि देऊन टाकली!

मग 'मान्य' दाबलं आणि थोड्या वेळानं कॉम्प्युटरचा पडदा उजळला. भंगारात जाणारा कॉम्प्युटर झक्क चालू झाला!

"आई, माझ्या लॅपटॉपवर पण घालाल?"

"ये, बस. शिकलीस की तुझ्या आईलाही घालून दे."